ईमेलवरच्या ‘डिप्लोमसी’च्या डावात नाव देताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: ईमेलवर ‘डिप्लोमसी’ या पटावरच्या खेळाचा सात जणांचा डाव सुरू होतोय आणि दोन जागा रिकाम्या आहेत. नियम एकदा वाचून झालेत, पण पट कधी हाताळलेला नाही. नोकरी सांभाळून हे झेपेल का, नाव देताना काय कळवायचं आणि नवखे लोक नेमके कुठे मार खातात?

आधी झेपण्याचं बघू, कारण नव्वद टक्के गाडं तिथेच अडतं. आठवड्याच्या डेडलाइनचा डाव असेल तर खेळातल्या एका वर्षाचा हिशेब साधारण असा: स्प्रिंगच्या चालींना सात दिवस, उखडलेल्या सोंगट्यांच्या माघारीला दोन, फॉलच्या (शरदातल्या) चालींना सात, पुन्हा माघारीला दोन आणि विंटरमध्ये सैन्य वाढवायला-घटवायला दोन. झाले वीस दिवस. डाव १९०१ साली सुरू होतो आणि १९०९च्या आसपास निकालात निघाला तर नऊ वर्षं, म्हणजे १८० दिवस. सरळ सहा महिने. रोज अर्धा तास पुरतो, पण तो रोज लागतो. रविवारी चार तास बसून आठवड्याचं उरकू म्हणाल तर जमणार नाही, कारण तुमच्या पत्राला उत्तर येऊन त्यावर तुमचं उत्तर जायला मधले दिवस लागतात. येत्या सहा महिन्यांत घरी लग्नकार्य, मोठी परीक्षा किंवा नोकरीतली बदली ठरलेली असेल तर आत्ता नाव देऊ नका. पुढच्या डावाला द्या. त्यात कमीपणा काहीच नाही. अर्ध्यात सोडलेला डाव मात्र उरलेल्या सहा जणांच्या महिनोन्महिन्यांच्या मेहनतीवर पाणी टाकतो.

हे इतकं ठासून सांगण्याचं कारण खेळाच्या रचनेतच आहे. अॅलन कॅलहॅमर यांनी १९५४ साली हा खेळ रचला आणि १९५९ साली स्वतःच्या खर्चाने ५०० प्रती काढून बाजारात आणला. पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप, सात सत्ता: ऑस्ट्रिया-हंगेरी, इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, रशिया, तुर्कस्तान. पटावर ३४ सप्लाय सेंटर (प्रत्येकी एक सोंगटी पोसणाऱ्या जागा), त्यातली १८ ज्याच्या हाती तो जिंकला. रशियाकडे सुरुवातीला चार सोंगट्या, बाकी सगळ्यांकडे तीन-तीन. फासा नाही, पत्ते नाहीत. दोन सारख्या ताकदी समोरासमोर आल्या की दोघंही जागच्या जागी. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या सोंगटीचा सपोर्ट, म्हणजे तिच्या ताकदीची भर, मिळाल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही, आणि तो सपोर्ट बोलून मिळवायचा असतो. म्हणून एक खेळाडू गप्प झाला की त्याची सत्ता तर जातेच, शिवाय त्याच्या शेजाऱ्याला फुकटचं घबाड मिळतं आणि पलीकडच्याचं गणित कोसळतं. जॉन बोर्डमन यांनी १९६३ साली न्यूयॉर्कमधून टपालाने हा खेळ चालवायला सुरुवात केली, तेव्हापासून आजपर्यंत पत्रव्यवहारी डावांचं सगळ्यात मोठं दुखणं हेच राहिलं आहे. कॅलहॅमर पुढे इलिनॉयमध्ये पोस्टमन म्हणून नोकरी करत होते, हे पत्रांवर चालणाऱ्या या खेळाच्या बाबतीत फार शोभून दिसतं.

नाव देताना गेममास्टरला, म्हणजे सगळ्यांच्या चाली गोळा करून निकाल लावणाऱ्याला, एकच ईमेल पाठवा आणि त्यात चार गोष्टी असू द्या. एक, कोणत्या पत्त्यावरून खेळणार तो पत्ता. ऑफिसचा नको, कारण तिथली फिल्टरं केव्हा काय अडवतील सांगता येत नाही आणि नोकरी सुटली तर सगळा पत्रव्यवहार जातो. दोन, तुमचं शहर आणि टाइमझोन. तीन, सातही सत्तांची पसंतीक्रमाने यादी. ‘कोणतीही चालेल’ असं लिहिलंत तर जी उरेल ती मिळेल. पहिल्या डावाला फ्रान्स किंवा तुर्कस्तान मागा: फ्रान्सला स्पेन आणि पोर्तुगाल जवळपास बिनविरोध मिळतात, तुर्कस्तान कोपऱ्यात असल्याने लवकर मरत नाही. ऑस्ट्रिया आणि इटली शेवटी टाका. ट्रिएस्ट आणि व्हेनिस ही पटावरची एकमेव जोडी, जिथे दोन सत्तांची घरची (सुरुवातीपासूनची) सेंटरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत, त्यामुळे पहिल्याच चालीत घरात घुसायची धास्ती दोघांनाही असते. चौथी गोष्ट, पुढल्या सहा महिन्यांत तुम्ही कधी बाहेरगावी असणार त्या तारखा. दिवाळी, गणपती यांच्या तारखा परदेशी गेममास्टरला ठाऊक नसतात, त्या आधीच कळवा.

त्याच पत्रात त्या डावाच्या खास नियमांविषयी विचारून घ्या. ऑर्डर, म्हणजे लेखी चाली, आल्या नाहीत तर काय? बहुतेक ठिकाणी त्या सोंगट्या नुसत्या उभ्या राहतात, काही ठिकाणी २४ तासांची सवलत असते, आणि दोनदा चुकलं की जागा बदली खेळाडूला दिली जाते. बरोबरी कशी धरतात? मूळ नियमाप्रमाणे जिवंत असलेल्या सगळ्यांचा तीत वाटा असतो. काही डावांत मात्र उरलेले मिळून एखाद्या लहान सत्तेला वगळू शकतात. हे आधी कळलं नाही तर १९०७ साली तीन सेंटरांवर तग धरून बसण्याला अर्थ आहे की नाही, हेच उमगत नाही. आणि पत्रं सही करून पाठवायची की निनावी घोषणाही चालतात? खेळाडूंशी खोटं बोलायला पूर्ण मुभा असते. गेममास्टरच्या नावाने खोटी पत्रं पाठवायला मात्र कुठेच नसते. दुसऱ्या खेळाडूचं पत्र फेरफार करून पुढे पाठवणं काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. तेही विचारा, म्हणजे तुमच्या हाती आलेल्या ‘फॉरवर्ड’ पत्रावर किती भरवसा ठेवायचा ते ठरेल.

वेळेचं गणित भारतातून खेळणाऱ्यांना हमखास चकवतं. समजा डेडलाइन लंडनच्या शुक्रवारी रात्री ८ वाजता आहे. हिवाळ्यात ती आपल्याकडे शनिवारी पहाटे १:३०ला पडते, उन्हाळ्यात १२:३०ला. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपची घड्याळं पुढे जातात, आपली जात नाहीत. त्या आठवड्यात जुन्या हिशेबाने १ वाजता ऑर्डर पाठवणारा अर्धा तास उशिरा पोचतो. अमेरिकेची घड्याळं त्याआधीच, मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदललेली असतात. पुणे, लंडन आणि न्यू जर्सी असा मित्रांचा गोतावळा एका डावात असेल तर वर्षातून दोनदा हा गोंधळ ठरलेला. उपाय सोपा आहे: डेडलाइन जागतिक प्रमाणवेळेत मागून घ्या, आणि आपल्या कॅलेंडरवर ती प्रत्यक्ष वेळेच्या सहा तास आधीची लावा.

त्याहून महत्त्वाची सवय म्हणजे निकाल हाती पडला की त्याच दिवशी पुढच्या चालींच्या कच्च्या ऑर्डर पाठवून टाकणं. डेडलाइनच्या आत कितीही वेळा बदलता येतात, शेवटची आलेली ग्राह्य धरतात. पण बदलताना ‘फक्त म्युनिकची चाल बदला’ असं लिहू नका. दर वेळी सगळ्या सोंगट्यांचा पूर्ण संच पाठवा आणि वर लिहा की याआधीचा संच रद्द. अर्धवट दुरुस्त्या तीन पत्रांत विखुरल्या की गेममास्टरही चुकतो आणि तुम्हीही. पोच मागा. चोवीस तासांत पोच आली नाही तर ऑर्डर पोचल्या नाहीत असंच समजा. ड्राफ्टमध्ये पडून राहिलेल्या ऑर्डरींनी चांगली चांगली साम्राज्यं बुडवली आहेत.

ऑर्डर लिहायच्या कशा, ते एका उदाहरणावर बघू. इंग्लंड, फॉल १९०१. स्प्रिंगमध्ये लंडनचं आरमार नॉर्थ सीत, एडिनबर्गचं नॉर्वेजियन सीत आणि लिव्हरपूलची आर्मी एडिनबर्गमध्ये आली आहे. आता आर्मीला आरमारातून समुद्रापार नेऊन (म्हणजे कॉन्व्हॉय करून) नॉर्वे घ्यायचं आहे:

फ्लीट नॉर्थ सी: कॉन्व्हॉय, आर्मी एडिनबर्ग ते नॉर्वे
आर्मी एडिनबर्ग – नॉर्वे
फ्लीट नॉर्वेजियन सी – बॅरेन्ट्स सी

तीन ओळी, पण प्रत्येकीत एक खड्डा आहे. पहिली ओळ विसरलात तर आर्मी एडिनबर्गलाच बसून राहते, नॉर्वे मिळत नाही आणि विंटरमध्ये नवी सोंगटीही नाही. कॉन्व्हॉय करणाऱ्या आरमारावर नुसता हल्ला झाला तर कॉन्व्हॉय मोडत नाही. ते आरमार तिथून उखडलं गेलं तरच मोडतो. नवखे इथे उगाच घाबरतात. आणि जागांची नावं छाटू नका. ‘नॉर’ म्हणजे नॉर्वे, नॉर्वेजियन सी की नॉर्थ सी? ‘लिव्ह’ म्हणजे लिव्हरपूल की लिव्होनिया? ‘टिर’ म्हणजे टिरोलिया की टिऱ्हेनियन सी? कधीकधी गेममास्टर अंदाज बांधतो, कधी ऑर्डर बाद करतो. पूर्ण नाव लिहायला दोन सेकंद जास्त लागतात, तेवढे द्या.

सपोर्टची ऑर्डर तर शब्दशः जुळावी लागते. ‘बेल्जियमला सपोर्ट’ ही ऑर्डरच नव्हे. ‘आर्मी रूहर: सपोर्ट, आर्मी पिकार्डी – बेल्जियम’ ही ऑर्डर. पिकार्डीची आर्मी आयत्या वेळी दुसरीकडे गेली तर सपोर्ट वाया. सपोर्ट देणाऱ्या सोंगटीवर तिसऱ्या जागेवरून कुणी हल्ला केला, अगदी कमकुवत का असेना, तर सपोर्ट तुटतो. मात्र ज्या जागेवर सपोर्ट रोखलेला आहे तिथल्याच सोंगटीने केलेल्या हल्ल्याने तो तुटत नाही, सपोर्ट देणारी सोंगटी त्यात उखडली गेली तरच तुटतो. हा एक नियम कागदावर बाण काढून तीन-चार वेळा समजून घ्या. पुढच्या सगळ्या खेळाचा पाया तोच आहे.

स्पेन, बल्गेरिया आणि सेंट पीटर्सबर्ग यांना दोन किनारे आहेत. मिड-अटलांटिकमधलं आरमार स्पेनला उत्तर किंवा दक्षिण, कुठल्याही किनाऱ्यावर उतरू शकतं, म्हणून किनारा लिहिला नाही तर ते हलतच नाही. कॉन्स्टँटिनोपलहून बल्गेरियाला जातानाही तेच: पूर्व की दक्षिण, ते लिहा. रशियाने सेंट पीटर्सबर्गमध्ये नवं आरमार बांधताना उत्तर किनारा निवडला की इंग्लंडला धडकी भरते, दक्षिण निवडला की जर्मनीला. तिथे किनारा म्हणजेच राजनीती.

माघार घेताना दोन जागा बंद असतात: जिथून हल्ला आला ती, आणि जिथे त्याच चालीत दोघांची टक्कर होऊन जागा रिकामी राहिली ती. विंटरमध्ये नवी सोंगटी फक्त घरच्या सेंटरात, तेही रिकामं आणि आपल्याच ताब्यात असेल तर. जर्मनीच्या नवख्याची ठरलेली चूक म्हणजे फॉलमध्ये एक आर्मी उगाच कीलमध्ये ठेवणं. दोन सोंगट्यांचा हक्क मिळतो आणि आरमार बांधायला हवं तिथेच आपली आर्मी बसलेली असते. फॉलच्या चाली ठरवतानाच विंटरचा विचार करायचा.

आता पत्रांकडे येऊ, कारण खरा खेळ तिथे आहे. पहिल्या ४८ तासांत सहाही जणांना पत्र गेलंच पाहिजे. फक्त शेजाऱ्यांना नव्हे, सहाही जणांना. तुर्कस्तानला इंग्लंडशी काय देणंघेणं, असं वाटेल. पण दोघांच्या मधे रशिया आहे, आणि उत्तरेकडे रशियाचं किती सैन्य गुंतलंय हे काळ्या समुद्रावर बसलेल्या तुर्काला इंग्लंडच सांगू शकतो. तसंच रशियाचं स्वीडन जर्मनीच्या मर्जीवर असतं: डेन्मार्कमध्ये पोचलेलं जर्मन आरमार फॉल १९०१मध्ये स्वीडनवर टक्कर देऊन रशियाला एका सेंटरला मुकवू शकतं. हे ठाऊक असलेला रशिया पहिल्याच दिवशी बर्लिनला गोड पत्र लिहितो.

पत्र कसं असावं? ‘नमस्कार, आपण मैत्री करू या, काय वाटतं?’ या पत्राला उत्तर येत नाही, कारण त्यात उत्तर देण्यासारखं काही नसतं. फ्रान्सने जर्मनीला पाठवायचं पत्र असं हवं:

‘बर्गंडी दोघांनीही मोकळं ठेवू या. मी पॅरिसची आर्मी पिकार्डीत नेतो, म्युनिकची आर्मी तुम्ही रूहरमध्ये आणा. फॉलमध्ये रूहरचा सपोर्ट मिळाला तर मी बेल्जियम घेतो. त्या बदल्यात डेन्मार्क आणि हॉलंड तुमचे, आणि स्वीडनचं रशियाशी तुम्ही काय ठरवाल त्यात मी मोडता घालणार नाही. इंग्लिश चॅनलबद्दल इंग्लंडने तुम्हाला काही कळवलंय का? मला अजून पत्र नाही. गुरुवारपर्यंत हो किंवा नाही कळवा, म्हणजे ऑर्डर त्याप्रमाणे टाकतो.’

यात ठरावीक चाली आहेत, दोघांचा फायदा आकड्यांत मोजता येतो, एक प्रश्न आहे आणि उत्तराला मुदत आहे. आता हेच पत्र जर्मनीच्या खुर्चीत बसून वाचा. फ्रान्स तीनवरून थेट सहा सेंटरांवर जातोय, मी पाचावर. शिवाय म्युनिक रिकामं पडतं. फॉलमध्ये पिकार्डीची आर्मी बेल्जियमऐवजी बर्गंडीत शिरली तर १९०२च्या स्प्रिंगला ती दारात उभी. पण विंटरमध्ये मला दोन सोंगट्या बांधायच्या आहेत आणि म्युनिक रिकामं म्हणजे तिथे आर्मी बांधता येईल. म्हणजे धोका आहे, पण आवरता येण्यासारखा. आलेलं प्रत्येक पत्र असं वाचायचं: समोरचा शब्द फिरवून मोकळा झाला तर माझं नेमकं काय जातं? जे जाईल ते झेपणारं असेल तरच हो म्हणा.

विश्वासघाताबद्दल नवख्यांचा एक गैरसमज असतो, की हा खोटं बोलण्याचा खेळ आहे. सतत खोटं बोलणाऱ्याला १९०३ नंतर कुणी सपोर्ट देत नाही आणि सपोर्टशिवाय तर काहीच हलत नाही. बहुतेक पत्रं खरीच लिहायची. एखादा घाव घालायचाच झाला तर एकदाच, आणि त्यातून दोन-तीन सेंटरं हाती येणार असतील व समोरच्याची उलटून मारायची ताकद जाणार असेल तेव्हाच. एका सेंटरसाठी दोस्ताच्या तोंडाला पानं पुसणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. आणि मार बसला तर रागाचं पत्र लिहू नका. पुढच्याच वर्षी त्याच माणसाला तुमची गरज पडते.

ईमेलचे स्वतःचे काही सापळे आहेत. ‘रिप्लाय ऑल’ने तर अनेक युती एका क्षणात उघड्या पाडल्या आहेत. दोन अक्षरं टाइप करताच ईमेल आपण होऊन पत्ता भरतं आणि इटलीबद्दलचं पत्र इटलीलाच जातं. म्हणून आधी मजकूर लिहा, पत्ता सगळ्यात शेवटी भरा. विषयाच्या ओळीत डावाचं नाव, हंगाम, वर्ष आणि आपली सत्ता लिहा. जुन्या पत्राला उत्तर देताना ती ओळ बदला, आणि खाली लोंबणारा आधीचा मजकूर काढून टाका, तिसऱ्याचं पत्र त्यात चिकटलेलं असू शकतं. सहाही जणांचे आणि गेममास्टरचा पत्ता संपर्कयादीत टाका, स्पॅमची पेटी दोन दिवसांतून एकदा उघडा. प्रत्येक सत्तेचं वेगळं लेबल ठेवा. १९०५ साली ऑस्ट्रियाने १९०२ साली काय कबूल केलं होतं, हे शोधावं लागतंच.

मशीनकडून पत्रं लिहून घेण्याचा मोह आता होतो. मेटाच्या संशोधकांचा ‘सिसेरो’ हा प्रोग्रॅम २०२२ साली ऑनलाइन ४० डावांत माणसांशी वाटाघाटी करत खेळला आणि एकाहून जास्त डाव खेळलेल्यांत वरच्या दहा टक्क्यांत आला, हे खरं. पण तुमच्या डावात हे चालतं का ते गेममास्टरला विचारा. आणि चालत असलं तरी पहिला डाव स्वतः लिहा, नाहीतर माणसं वाचायची नजर येणार नाही.

काही डाव माणसाऐवजी प्रोग्रॅम चालवतो. केन लोव यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी पहिला ‘जज’ लिहिला, तिथून ही पद्धत आली. तिथे आज्ञा ठरलेल्या साच्यातच लागतात, एखादी ओळ चुकली तर लगेच परत येते. येणारं उत्तर शेवटपर्यंत वाचा. चूक त्यात लिहिलेली असते आणि लोक ती न वाचता झोपतात. चाली तपासायला ‘बॅकस्टॅबर’ या संकेतस्थळावरचा सँडबॉक्स उपयोगी आहे: सातही सत्तांच्या चाली स्वतः टाकून निकाल बघता येतो. डाव सुरू होण्याआधी तिथे १९०१चं वर्ष पाच-सहा वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने खेळून बघा.

जागा मिळालीच नाही तर बदली खेळाडूंच्या यादीत नाव घाला. कुणी मधेच सोडून गेला की त्याची मोडकी सत्ता तुमच्या हाती येते. हरलात तरी बोल लागत नाही, आणि तीन सेंटरांवर जीव धरून राहताना जे शिकायला मिळतं ते भरल्या घरात बसून मिळत नाही. एक पथ्य पाळा: आधीच्या खेळाडूची वचनं तुमच्यावर बंधनकारक नाहीत, हे सगळ्यांना पहिल्याच पत्रात कळवा आणि प्रत्येकाला विचारा की त्याने काय कबूल केलं होतं. सहा उत्तरं एकमेकांशी ताडून पाहिली की कोण रेटून खोटं सांगतंय ते लगेच दिसतं.

वेगळे नकाशेही पुष्कळ आहेत. १९९४च्या ‘कोलोनियल डिप्लोमसी’त तर आशियाचा पट आहे आणि मुंबईही त्यात येते. ते दुसऱ्या-तिसऱ्या डावासाठी ठेवा; आत्ता मूळ युरोपच बरा, कारण अडलं तर विचारायला जाणकार त्याचेच जास्त.

डाव संपला की प्रत्येकाने आपली बाजू लिहून सगळ्यांना पाठवायची रीत आहे: काय ठरवलं होतं, कुणावर विसंबलो, कुठे फसलो. त्यासाठी दर हंगामाच्या शेवटी दोन ओळी टिपून ठेवा, आणि आपला पराभव झाला तरी इतरांची ती पत्रं येईपर्यंत यादीतून बाहेर पडू नका. १९०३ साली रशियाने तुमच्या पत्राला उत्तर का दिलं नव्हतं, ते तिथे कळतं.